नळाची लाइन आणि इतर कामं

१

सिंधु न्हाणीघरात पडलेली सापडली तेव्हा नळ चालूच होता. बादली भरून पाणी दाराखालून बाहेर येत होतं. तिच्या नवऱ्याला, शरदचंद्रांना, आधी वाटलं, नळाची नवी लाइन गळायला लागली. त्यांनी हाक मारली, ओ आली नाही. दार ढकललं तर आतून कडी. शेवटी शेजाऱ्याला बोलावून कडी तोडली. तिला उचलायला वाकले, तर हाताला असा हिसका बसला की ते स्वतःच मागच्या भिंतीवर आदळले. शेजाऱ्यानं धावत जाऊन मेन स्विच पाडला. पण तोवर सगळं संपलं होतं.

लातूरला सिंधुच्या बहिणीला, तनुजाला, फोन आला तेव्हा ती एका जळालेल्या गोदामात उभी होती. तिचं कामच ते. कुठे आग लागली, भिंत पडली, दुकानात पाणी शिरलं की विमा कंपन्या तिला पाठवत, आणि नुकसान किती, कशानं झालं, हे ती शोधून काढी. त्या दिवशी गोदाम तसंच सोडून ती क्लासच्या होस्टेलवर गेली, सिंधुच्या मुलीला, इराला, गाडीत घेतलं आणि आईला बरं नाही एवढंच सांगितलं. नांदेडच्या रस्त्यावर अहमदपूर मागे पडलं तशी इरा म्हणाली, “मावशी, आई गेली ना?” तनुजानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. पुढचा रस्ता दोघींनी कसा कापला, ते तिला नंतर आठवत नसे.

पोलिसांनी गिझरचा करंट लागून अपघाती मृत्यू अशी नोंद केली. शरदचंद्रांना ते मान्य नव्हतं. घरातले सगळे नळ नुकतेच बदलून झाले होते. वर्षानुवर्षं त्याच गिझरखाली घरानं अंघोळ केली, कधी काही झालं नाही, आणि प्लंबर येऊन गेल्यावर महिन्याच्या आत घरातलं माणूस जातं. याला अपघात म्हणतात का, असं ते भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारत. त्यांनी मल्लेश नावाच्या त्या प्लंबरवर तक्रार दिली. मल्लेश देगलूरचा. पोलीस त्याला रोज चौकीत बोलावून बसवून ठेवत होते, त्याची हत्यारं जमा केली होती, आणि आता गुन्हा दाखल व्हायची वेळ आली होती.

दहाव्याचे विधी आटोपून मंडळी पांगली. शरदचंद्रांनी तनुजाला ओसरीत बसवलं. चाळीसेक वर्षं त्यांनी शाळेत विज्ञान शिकवलं होतं.

“तनू, तू हेच काम करतेस ना? मला लिहून दे. त्या माणसाच्या चुकीनं सिंधु गेली असं लिहून दे. तुझ्या सहीला पोलीस मान देतील.”

“दाजी, मी पाहिल्याशिवाय लिहीत नसते,” तनुजा म्हणाली. “पण पाहते. तिच्यासाठी पाहते.”

२

घर भाग्यनगरच्या पलीकडच्या वसाहतीतलं, तीसेक वर्षांपूर्वी बांधलेलं, खाली-वर मिळून चार खोल्यांचं. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे लोखंडी पाइप भिंतींच्या पोटात घातलेले. इतक्या वर्षांत ते आतून गंजले. नळाला तांबडं पाणी यायचं, न्हाणीघराच्या भिंतीला ओल धरली होती, वरच्या मजल्यावर तर धार करंगळीएवढी उरली होती. सिंधु फोनवर तनुजाला सांगायची, “धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांवर गंजाचे डाग पडून राहिले, आता बदलल्याशिवाय गत नाही.”

तनुजानं नवी लाइन टाकीपासून शेवटच्या नळापर्यंत पाहिली. प्लास्टिकचे पाइप भिंतीच्या बाहेरून नेलेले होते. दिसायला बरे नव्हते, पण काम स्वच्छ होतं. सांधे नीट, कुठे थेंब नाही. जुने पाइप भिंतीतच सोडून दिलेले. उघड्यावरचे तेवढे कापून परसात रचून ठेवले होते.

त्या गंजक्या ढिगाशी ती बराच वेळ बसली. एकेक पाइप उचलून बाजूला ठेवत गेली. हात तांबडे झाले. एका जाड पाइपावर पत्र्याची पट्टी आवळलेली होती आणि पट्टीखालून हिरव्या वायरचा बोटभर तुकडा लोंबत होता.

तनुजाला त्याचा अर्थ कळायला वेळ लागला नाही. हे तिनं जुन्या घरांत पाहिलं होतं. घरातल्या कुठल्याही यंत्रातून करंट झिरपला तर तो जमिनीत जावा म्हणून एक वायर जमिनीपर्यंत न्यायची असते. घर बांधताना कुणीतरी खड्डा खणायचा कंटाळा केला असेल, त्यानं ती वायर सरळ पाण्याच्या लोखंडी पाइपाला बांधली. पाइप जमिनीत गेलेला, म्हणजे करंटही जमिनीत जाणार. गिझर किती वर्षांपासून आतून खराब होता, कोण जाणे. त्याचा चोरटा करंट रोज मुकाट्यानं त्या पाइपातून मातीत जात होता, आणि म्हणून घर सुखरूप होतं.

मग लोखंड गेलं, प्लास्टिक आलं. करंटाला जायला वाट उरली नाही. गिझरच्या बुडातून निघालेला लहानसा धातूचा पाइप थेट नळाला जोडलेला होता. बटण चालू असताना ओल्या फरशीवर उभं राहून त्या नळाला हात लावणं म्हणजे उघड्या तारेला हात लावणं.

एवढं कळल्यावर मल्लेशची चूक उघड दिसत होती. त्यानं ती वायर कापली. तनुजा उठून भिंतीपाशी गेली. वायरचं दुसरं टोक तिथे असणार होतं.

ते होतं. पण नुसतं कापून सोडलेलं नव्हतं. टोकावर काळी टेप दोन-तीनदा घट्ट गुंडाळलेली होती, आणि वायर पुन्हा सापडावी अशी खिळ्याला अडकवून ठेवली होती. कापणाऱ्याला ती वायर कामाची आहे हे ठाऊक होतं. पुढे कधीतरी ती जोडायची आहे, हेही ठाऊक होतं.

३

आधी ती रविकिरणकडे गेली. तो शरदचंद्रांचा जुना विद्यार्थी, आता विष्णुपुरीच्या रस्त्याला ऑफिस असलेला ठेकेदार. नळाचं काम आधी त्यालाच द्यायचं ठरलं होतं. त्यानं एक लाख ऐंशी हजार सांगितले. मल्लेशनं लाखाच्या आत. काम मल्लेशला गेलं तेव्हा रविकिरण रागावून म्हणाला होता की पस्तावाल. शेजाऱ्यांनी ते ऐकलं होतं, आणि आता त्यावरून कुजबुज चालू होती.

रविकिरणनं ते नाकारलं नाही. रागाच्या भरात बोललो, म्हणाला, पण मनात असं काही नव्हतं. तनुजानं त्याला विचारलं, एवढे पैसे कशाचे होते? तो समजावू लागला. लोकांना वाटतं खर्च पाइपाचा असतो. पाइप आणि सांधे यांचा खर्च एकूण खर्चाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. खरा खर्च भिंतीचा. भिंत फोडायची, मलबा उचलायचा, पाइप बसवून पाण्याचा दाब देऊन बघायचा, पुन्हा गिलावा, पुन्हा फरशा. जुन्या डिझाइनच्या फरशा आता मिळत नाहीत, म्हणजे चार फुटल्या तरी सगळी भिंत नव्यानं लावायची. मल्लेशनं पाइप बाहेरून नेले, फोडाफोडीच वाचवली. त्यात लबाडी नव्हती, हे रविकिरणनंही कबूल केलं.

“आणि अर्थिंग?” तनुजानं विचारलं.

“धरलं होतं. मागं अंगणात खड्डा, तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ, वायर, करंट तोडणारं नवीन यंत्र. पंधरा हजारांच्या आसपास.”

“सिंधुताईला सांगितलं होतं, ते कशासाठी ते?”

“न्हाई सांगितलं.” त्यानं मान खाली घातली. “गिऱ्हाईक ऐकत न्हाई मॅडम. वायरीचं बोलायला लागलं की म्हणतात, नळाच्या कामात वायर कुठून आली. म्हणून मी शेवटी ‘इतर कामं’ म्हणून एक आकडा धरतो. सरांनी विचारलं, हे इतर म्हणजे काय. मी म्हणलं, असतंय किरकोळ. त्यांना वाटलं असेल, मी वरचे पैसे लावून राहिलो.”

तनुजाच्या मनात आलं, या किरकोळ शब्दाचा अर्थ विचारायचं कुणालाच सुचलं नाही. तिलाही नाही. सिंधुनं फोनवर दोन्ही आकडे सांगितले होते आणि तनुजा त्या वेळी कामाच्या घाईत होती. “बाहेरून पाइप चालतात गं,” एवढंच म्हणाली होती.

निघताना रविकिरणनं सहज विचारलं, “पण सर मलाच काम द्यायला तयार होते. तुमच्या ताईंनीच मोडता घातला. का, ते कळलं का तुम्हाला?”

तनुजाला ते कळलेलं नव्हतं.

४

मल्लेश चौकीच्या बाहेर कडुलिंबाखाली बसलेला सापडला. चाळिशीचा, बारीक अंगाचा माणूस. तनुजा सिंधुची बहीण म्हणताच तो उठून उभा राहिला आणि हात जोडले. त्याची मराठी तेलुगू-दख्खनी मिसळलेली होती. ऐकलेल्या शिव्यांमुळे की भीतीनं कोण जाणे, तो अगदी हळू बोलत होता.

हिरवी वायर आपणच कापली, हे त्यानं लगेच सांगितलं. पाइप काढायचा तर ती कापावीच लागणार होती. वायरीतलं आपल्याला कळत नाही, पण पाइपाला बांधलेली वायर उगीच कुणी बांधत नाही एवढं समजतं, म्हणून त्यानं सिंधुला बोलावून दाखवली. वायरमनला दाखवा, तोवर ठेवा, असं सांगून टेप मारली.

“तिनं दाखवली वायरमनला?”

“आला होता अम्मा, माझ्या वळखीचा. पंधरा हजार बोलला. बाई म्हनल्या, आता न्हाई, पुढच्या महिन्यात करू.” त्यानं गळ्यातल्या उपरण्यानं तोंड पुसलं. “मग संक्रांतीच्या आधी बाईंचा फोन आला. गिझरच्या नळाला हात लावला की झिणझिण होऊन राहिलं म्हनल्या. मी बोललो, बटण बंद केल्याबिगर कुणी हात लावू नका. आजच वायरमनला बोलवा. त्या हाव, बोलावते म्हनल्या. आणि म्हनल्या, सरांना यातलं काही बोलू नका.”

“हे पोलिसांना का नाही सांगितलंस?”

“सांगितलं. लिहून घेतलं न्हाई. मेलेल्या बाईचं नाव घेतो म्हनून एक थोबाडीत दिली.”

तो खरं बोलत होता, यात तनुजाला शंका वाटली नाही. टेप लावलेलं टोक तिनं स्वतः पाहिलं होतं. पण त्याचं बोलणं खरं धरलं की दुसरं कोडं उभं राहत होतं, आणि ते आधीच्यापेक्षा अवघड होतं. नळात करंट येतो हे सिंधुला माहीत होतं. बटण बंद करून नळाला हात लावायचा, हेही माहीत होतं. ते बटण न्हाणीघराच्या बाहेर, बोळीतल्या भिंतीवर. आणि पंचनामा करताना ते चालू सापडलं होतं.

५

सिंधुनं हे सगळं का लपवलं, ते इरानं सांगितलं. सांगायला तिला वेळ लागला. गच्चीवर टाकीच्या सावलीत दोघी बसल्या होत्या. गेल्या साली इराला डॉक्टरीच्या प्रवेश परीक्षेत मार्क कमी पडले. शरदचंद्र म्हणाले, एक वर्ष पुरे, नांदेडातच बी.एस्सी. कर. सिंधु म्हणाली, लातूरला आणखी एक वर्ष राहू दे. पैशांवरून घरात बोलाचाली झाली. शेवटी सिंधुनं तोड काढली की नळाच्या कामात जे वाचेल ते इराच्या वर्षाला लावायचं. म्हणून रविकिरण नको झाला आणि मल्लेश आला.

म्हणजे कामात खोट निघाली असं सिंधुनं सांगितलं असतं, तर शरदचंद्रांनी दुसऱ्या दिवशी रविकिरणला बोलावून सगळं नव्यानं करायला लावलं असतं. इराचं वर्ष त्यातच गेलं असतं. सिंधु पुढच्या महिन्याची वाट बघत होती. तोवर घर आपण सांभाळू, असं तिला वाटलं होतं.

“संक्रांतीला मी आले तेव्हा आई विचित्रच वागत होती,” इरा म्हणाली. “गिझर स्वतः लावायची, पाणी तापलं की स्वतः बंद करायची, मग म्हणायची, जा आता. आत गेलं तरी दोनदा विचारायची, बटण कुणी लावलं नाही ना. बाबा चिडायचे. ती म्हणायची, लाइट बिल लई येऊन राहिलं. आणि मोरीत लाकडी पाट ठेवला होता. पाटावर उभं राहूनच अंघोळ करायची, फरशी गार लागते म्हणे.” ती टाकीला टेकली. “मला डॉक्टर व्हायचं होतं मावशी. पण असं नव्हतं व्हायचं.”

तनुजानं तिला जवळ घेतलं. सिंधु रोज सकाळी सगळ्यांची अंघोळ होईपर्यंत त्या बोळीत पहारा देत होती. सासू, नवरा, मुलगी, सगळे सुखरूप बाहेर आले की मग शेवटी आपण जायची. इतकी जपणारी बाई स्वतःच्या वेळी बटण चालू ठेवून आत जाईल, हे तनुजाला पटेना.

मग बटण लावलं कुणी? घरात त्या सकाळी तिघंच होती. सिंधु, शरदचंद्र आणि त्यांची आई केवळाबाई. शरदचंद्रांनी पोलिसांना सांगितलं होतं की ते पुढच्या अंगणात पेपर वाचत होते. केवळाबाईंचं अंग अर्ध्या बाजूनं लुळं पडलेलं. त्यांची बाज न्हाणीघराला लागून असलेल्या खोलीत. आपला डोळा लागला होता, असं त्यांनी सांगितलं होतं.

तनुजा त्यांच्या उशाशी जाऊन बसली. सिंधु त्यांना आत्याबाई म्हणे, म्हणून तनुजाही तेच म्हणे. ती त्यांचे पाय चेपत इकडचं तिकडचं बोलत राहिली. सिंधु लग्न होऊन आली तेव्हा केवढीशी होती, तिला भाकरी थापता येत नव्हती, असं म्हातारी सांगत होती. सांगता सांगता तिचे डोळे भरून आले.

“लई गुणाची होती. कधी मला हे पायजे म्हनली न्हाई. त्या दिवशी सुदीक, पानी गार पडलं तरी ‘असू द्या, होतच आलंय’ म्हनली आन्...”

केवळाबाई एकदम गप्प झाल्या.

तनुजाचे हात थांबले. आत्याबाईंचा डोळा लागलेला नव्हता. आणि ‘असू द्या’ हे सिंधु न्हाणीघराच्या आतून बोलली होती, बाहेर उभ्या असलेल्या कुणाला तरी.

“कुणाला म्हणाली, आत्याबाई?”

म्हातारीनं तोंड भिंतीकडे फिरवलं. तिकडूनच तिचा बारीक आवाज आला. “एक गेली, तनू. दुसऱ्याला मारू नगं.”

६

त्या दुपारी तनुजा गोदावरीच्या घाटावर जाऊन बसली. गुरुद्वाऱ्याकडून माणसं येत-जात होती. पाण्यावर ऊन चकाकत होतं. तिच्यासमोर सगळा हिशोब लागला होता आणि तो एवढा नीट कधीच लागला नसता तर बरं झालं असतं, असं तिला वाटत होतं.

थंडी मोठी. सगळ्यांच्या मागून सिंधु अंघोळीला गेली, तोवर गरम पाणी सरत आलेलं. बटण तिनं नेमानं बंद केलेलं. शरदचंद्र कशाला तरी आत आले, त्यांनी दाराबाहेरून विचारलं, पाणी गरम आहे का? ती म्हणाली, गार पडलंय, असू द्या. आणि ते असू देणारे नव्हते. रोज बिलाच्या नावानं सगळ्यांना ताटकळत ठेवणारी बायको स्वतः गार पाण्यानं न्हाते आहे, हे त्यांना बघवलं नसणार. त्यांनी हात लांब करून बटण लावलं आणि पुन्हा पेपर वाचायला गेले. भिजलेला लाकडी पाट करंट अडवू शकला नाही.

यात खुनी कुणी नव्हता. तिनं त्यांच्यापासून एक गोष्ट लपवली होती, त्यांनी तिला एक सुख द्यायला पाहिलं होतं, आणि त्या दोन्हींच्या मधे ती सापडली.

संध्याकाळी दिवेलागणीला ती घरी परतली तेव्हा तिनं ठरवलं होतं. वायरीचं सांगायचं, म्हणजे मल्लेश सुटेल. सिंधुला माहीत होतं, तेही सांगावं लागेल. बटणाचं मात्र सांगायचं नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती अर्धवट अहवाल देणार होती.

शरदचंद्रांनी सगळं ऐकून घेतलं. इराच्या वर्षासाठी तिनं हे केलं हे ऐकताना त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. मल्लेशनं बजावलं होतं हे ऐकून त्यांनी डोळे मिटले. विज्ञान शिकवणारा माणूस तो. तनुजा जिथे थांबली, तिथे त्यांचं डोकं थांबलं नाही.

“म्हणजे ती रोज बटण बंद करून जायची, ते बिलासाठी नव्हे,” ते सावकाश म्हणाले.

“नाही, दाजी.”

“मग त्या दिवशी ते चालू कसं राहिलं?”

“विसरली असेल. घाईत असेल.”

“ती विसरणारी नव्हती.” ते पुढच्या भिंतीकडे बघत राहिले. आतल्या खोलीत केवळाबाई खोकल्या. बाहेर पोरं क्रिकेट खेळत होती, त्यांचा गलका येत होता. शरदचंद्रांचा चेहरा तनुजाच्या डोळ्यांदेखत बदलत गेला, आणि ती काही करू शकली नाही.

“मी चष्म्याचं घर घ्यायला आत आलो होतो,” ते म्हणाले. “तिनं असू द्या म्हटलं. मी लावलं. तिला सांगितलंही नाही की लावलंय. म्हटलं, एकदम गरम पाणी आलं की तिला बरं वाटेल.”

तनुजा त्यांच्या शेजारी जाऊन बसली. दाजी, तुम्हाला माहीत नव्हतं, हे तिनं कितीदा म्हटलं तरी ते तिथवर पोचत नव्हतं. पेपर वाचत बसलो होतो, एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. ती आत होती आणि मी पेपर वाचत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तयार होऊन बसलेले दिसले. तनुजाला घेऊन चौकीत गेले. तक्रार मागे घेतली आणि फौजदारासमोर जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं, बटणासकट. फौजदारानं लिहिणं थांबवून त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांच्यासाठी पाणी मागवलं. तुमच्यावर काही येत नाही गुरुजी, असं तो म्हणाला. शरदचंद्रांनी मान हलवली, पण त्यांना त्यातून सुटका झाल्यासारखं वाटलेलं दिसलं नाही. बाहेर मल्लेश बसला होता. त्याच्यासमोर जाऊन ते हात जोडून उभे राहिले. मल्लेश गडबडून गेला. त्यानं ते हात धरले आणि हळूच खाली आणले.

परतताना गाडीत तनुजानं विचारलं, इराला काय सांगायचं.

“ती आत्ता असं समजून राहिली की आई तिच्या फीपायी गेली,” शरदचंद्र म्हणाले. “ते ओझं मी तिच्यावर ठेवू का? तिला कळू दे की हात माझा होता.”

“ती तुमच्यावर रागावेल, दाजी.”

“रागावू दे. माझ्यावर रागावली तर पुढे कधी तरी निवळेल. स्वतःवर रागावली तर कसं होईल?”

घरी इरा स्वयंपाकघरात आजीसाठी पेज ढवळत होती. शरदचंद्रांनी गॅस बंद केला, तिला स्टुलावर बसवलं आणि स्वतः तिच्यासमोर फरशीवर मांडी घालून बसले. तनुजा दारातून मागे सरली. केवळाबाईंनी आतून तिला हाक मारून आपल्याजवळ बोलावलं आणि तिचा हात आपल्या चालत्या हातात घट्ट धरला. दोघी ऐकत राहिल्या.

बापाचा आवाज वर्गात शिकवताना असायचा तसा सावकाश, एकेक पायरी सांगत चालला होता. मग तो मधेच थांबला. नंतर स्टूल सरकल्याचा आवाज आला आणि इरा रडू लागली. त्या रडण्यात तिनं एकदाच ‘बाबा’ म्हटलं. तिचा आवाज खालून, फरशीवर बाप बसला होता तिथून आला.